वाकवून धरलेली फांदी

रविवार, १ मार्च

ताई,

आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की बाबांनी निखारांचा थवा ऐकला, हात वर केला आणि पाखरं बघायला आलेल्या पाहुण्यांची रांग जागच्या जागी थांबली. हात त्यांनीच वर केला, रांगही थांबली. पण निखार त्यांनी ऐकले नव्हते, मी ऐकले होते. मी त्यांच्या शर्टाची बाही हळूच ओढली. ओढली त्या बाजूला त्यांनी वर पाहिलं आणि मग ती लाल-पिवळी पाखरं पानांतून ठिणग्यांसारखी जाताना त्यांना दिसली.

तू म्हणशील, एवढ्यासाठी वेगळं पत्र? पण ते पत्र पेटीत टाकल्यापासून मला चैन नाही. संध्याकाळी ताटावर बसलं की दिवसाचं पाखरू सांगायचं आणि त्याला तीन शब्दांपैकी एक लावायचा, हा आपल्या घरचा नियम: पाहिलं, ऐकलं, की नुसतं वाटलं. अक्षरं मला तू शिकवलीस, पाढे आईने, आणि हे तीन शब्द बाबांनी, मी शाळेचं तोंड पाहायच्या कितीतरी आधी. पुढे शाळेत बाईंनी विचारलं, सूर्य कुठे उगवतो? मी उभी राहून सांगितलं, पूर्वेला उगवतो असं ऐकलंय, आमच्याकडे झाडं आहेत. अख्खा वर्ग हसला होता. घरी आल्यावर बाबा म्हणाले, बरोबर सांगितलंस.

म्हणून तुला लिहिलेल्यात चुकीचा शब्द नको. निखार बाबांनी पाहिले. ऐकले मी.

बाही ओढायचं कधीपासून सुरू झालं, ते आता मलाही नीट सांगता येणार नाही. आधी वाटलं, त्यांचं लक्ष नाही. मग वाटलं, सर्दी आहे. मग एका सकाळी फुलटोच्या त्यांच्या टोपीवरच्या फांदीत टिकटिकत होता आणि बाबा पाहुण्यांना सांगत होते, आज रान फार गप्प आहे. त्या दिवशी मला कळलं. बारीक, वरच्या पट्टीतले आवाज त्यांच्यासाठी बंद झालेत. होले घुमतात ते ऐकू येतं, धनेशाच्या पंखांचा फुसफुसाट येतो, ओढा येतो. पण रानाचा वरचा मजला त्यांच्यापुरता रिकामा झालाय आणि त्यांना वाटतं, पाखरंच कमी झाली.

हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. तुला पहिलं.

तुझी,
धाकटी

बुधवार, ४ मार्च

ताई,

तुझं पाकीट आलं. नेहमीसारखी चिठ्ठी नाही, नुसता फोटो. पासपोर्टच्या फोटोसाठी लोक बसतात त्या तुझ्या स्टुडिओतल्या स्टुलावर बसलेलं कबूतर, मागे पांढरा पडदा. आईने पुसलेल्या हातांनी तो धरला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, थोरलीने कबुतरालासुद्धा हनुवटी वर करायला लावली बघ. मग तो स्वयंपाकघरात डब्यांच्या फळीला टेकवून ठेवला. बाबा पाणी प्यायला आले तेव्हा दोन घोटांच्या मध्ये थांबले. फोटो थोडा वाकडा होता, तो सरळ करून गेले. हे मी पाहिलंय.

आईला मी काल कानांचं सांगितलं. ती भाजी निवडत होती. हातही न थांबवता म्हणाली, “तीस वर्षं त्यांना माझं काही ऐकू आलेलं नाही, आता डॉक्टरला नवीन काय सापडणार?” मी हसले नाही, तेव्हा तिने ताट बाजूला सारलं. मग तिने मला जे सांगितलं त्याने मी पार गोंधळले. बाबांनी तिला म्हणे मागेच सांगून ठेवलंय की धाकटी हल्ली रानात घाबरते. सारखी माझी बाही धरते. तिला काही विचारू नकोस, मीच आता सावकाश चालतो.

म्हणजे मी समजते, मी त्यांना सांभाळते. आणि ते पाहुण्यांपुढे पाऊल आखडतात, ते मला सांभाळायला. आम्ही दोघं एकमेकांच्या भल्यासाठी रोज सकाळी दोन-तीन तास एकमेकांना फसवतो आणि मागून येणारे पाहुणे आमच्यावर विश्वास ठेवून चालतात.

आई म्हणते, चालतंय तोवर चालू दे. पण या महिन्याच्या बावीस तारखेला रानातल्या पाखरांची गणना आहे. तुला आठवतं, या झाडीत पाखरं दिसतात कमी, ऐकूच जास्त येतात, म्हणून गणना कानांनी होते. ओढ्यापासून वरच्या खडकापर्यंतचा पट्टा दर वर्षी बाबांकडे असतो. ते आवाज ओळखून सांगतात आणि बरोबरचे लिहून घेतात. त्यांनी सांगितलं नाही ते पाखरू त्या पट्ट्यात नाही असं धरलं जातं. ते खोटं बोलणार नाहीत. त्यांना जे ऐकू येईल तेच सांगतील, आणि तरी ते खरं नसेल. मी बाही ओढून त्यांच्या तोंडून ‘ऐकला’ वदवून घेतलं, तर तेही खरं नसेल.

मला यातून वाट दिसत नाही. तू इथे असतीस तर काय केलं असतंस? तू बहुतेक सरळ बोलली असतीस. तुला ते जमायचं. म्हणूनच तू इथे नाहीस. शेवटचं वाक्य खोडणार होते, पण खोडलेलं तू उजेडात धरून वाचतेसच, म्हणून ठेवते.

धाकटी

सोमवार, ९ मार्च

ताई,

आज सकाळचं सगळं सांगते. पाहुणे जेवून गेले, आई पडलीय, बाबा मागे लाकडं रचतायत. ठोक्याचा एकसारखा आवाज येतोय, म्हणून मला भरवसा आहे की ते तिथेच आहेत.

दोघंच पाहुणे होते, दातांचे डॉक्टर आणि त्यांची बायको. डॉक्टरांची लेन्स एवढी मोठी की बायको म्हणाली, आमच्या घरात तिची वेगळी खोली आहे, मुलाला नाही. माणसं चांगली होती, हे आधीच लिहिते, म्हणजे पुढे वाचताना तू त्यांच्यावर रागावणार नाहीस. फाटकापाशी बाबांनी नियम सांगितले. हळू बोलायचं, पायवाट सोडायची नाही, घरट्याजवळ थांबायचं नाही आणि फोनवर पाखराचा आवाज लावून त्याला बोलवायचं नाही. शेवटचा नियम सांगताना ते अजूनही क्षणभर खाली बघतात.

आत धुकं होतं. तुला ते आठवत असेल तसंच: उजेड वरून येत नाही, पानांमधूनच पाझरतो, आणि आपण चालतोय की झाडं हळूहळू मागे सरकतायत ते कळत नाही. मोठ्या मुळांच्या भिंतींवर शेवाळ इतकं ओलं की हात लावला तर झाडाला घाम आल्यासारखा वाटतो. शेंड्यांवरून थेंब गळत होते, रात्रीचं पाणी सावकाश खाली उतरत होतं. बाबा पुढे, मग डॉक्टर, त्यांची बायको आणि शेवटी मी, खांद्यावर त्यांचा ट्रायपॉड. म्हणजे बाबांची बाही आज माझ्या हातापासून दोन माणसं लांब होती. मी पुढे जायला बघत होते, पण वाट अरुंद आणि डॉक्टर मधे. मनात आलं, ओढा ओलांडला की जाऊ पुढे.

ओढ्याच्या अलीकडेच निखार बोलायला लागले. बरेच असावेत. डोक्यावर कुणी चांदीची साखळी ओंजळीतून ओंजळीत ओततंय असा आवाज. डॉक्टरांनी मान वर केली, बायकोने केली. बाबा चालत राहिले.

डॉक्टर थांबले. पाखरं उंच, पानांआड, फोटो मिळण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी एकदा बाबांच्या पाठीकडे पाहिलं आणि खिशातून फोन काढला. मी पाहत होते. फोनमधून निखाराचा आवाज निघाला, खरा वाटावा असा स्वच्छ. बाबा चार पावलांवर होते.

ताई, चार पावलांवर.

ज्या वाटेवर त्यांनी तुझ्या हातातून फोन घेतला होता तीच वाट, तोच ओढा. तू नवरंगाचा आवाज लावलास, तो झुडपातून टुणटुणत बाहेर आला, पाहुण्यांना हवा तो फोटो मिळाला, आणि बाबांनी तुझा फोन पाण्यात ठेवला. फेकला असं लोक सांगतात. फेकला नाही, वाकून ठेवला, मी पाहिलंय. खोट्या हाकेने आलेलं पाखरू मला नको, असं ते म्हणाले. मग मीही नको, असं तू म्हणालीस. त्याच जागी आज एक अनोळखी माणूस खोटी हाक मारत होता आणि बाबा मागे वळलेही नाहीत. वाटेतली गोगलगाय उचलून कडेला ठेवत होते.

एक नर खाली आला. अगदी खाली, लालभडक. फोनला शोधत इकडून तिकडे उड्या मारत होता. कॅमेऱ्याचा खटखटाट झाला. बायकोने माझ्याकडे पाहिलं. तिला नियम आठवत होता. मग मी पुढे झाले आणि फोनवर हात ठेवला. तो बंद कुठून करायचा ते मला सापडेना, शेवटी त्यांनीच केला.

“पण त्यांनी तर काही म्हटलं नाही,” डॉक्टर कुजबुजले. त्यांच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. त्यांना खरंच वाटलं होतं की नियम बोलण्यापुरता असावा.

मी ट्रायपॉड दुसऱ्या खांद्यावर घेतला. खरं उत्तर दिलं असतं तर बाबा उघडे पडले असते, आणि खोटं मला पटकन सुचत नाही.

आम्ही ओढा ओलांडला. पुढे वेलींचा तो बोगदा आहे ना, जिथे वाट वळते आणि काटेरी फांदी दर वर्षी पुन्हा आडवी येते, तिथे पोचलो. धुकं तिथे सगळ्यात दाट होतं. बाबांचा शर्टही विरून गेला होता, नुसती टोपी तरंगत चालली होती. आणि मागून, डावीकडून, शीळ आली.

दोन खालचे सूर आणि तिसरा अर्ध्यात तुटलेला.

तुझी. तुझ्या पुढच्या दातांतल्या फटीतून तिसरा सूर निसटायचा, तशीच निसटलेली. फोटो काढत तू मागे राहायचीस आणि रांगेला गाठलंस की बाबा दचकू नयेत म्हणून घालायचीस, ती. मी मागे पाहिलं. वाट रिकामी होती, नुसते थेंब पडत होते.

पुढे पाहिलं तर बाबा थांबले होते. त्यांना ऐकू आलं होतं. निखार नाही, फोन नाही, हे ऐकू आलं होतं. ते वाटेच्या कडेला सरकले, दर वेळी सरकायचे तसे, उजवा खांदा झाडाला लावून. ती काटेरी फांदी त्यांनी वाकवली आणि हातात धरून ठेवली, कुणाला तरी कॅमेरा सांभाळून पुढे जाता यावं म्हणून. वळूनही पाहिलं नाही. वळून बघायची सवयच नव्हती ना त्यांना. तू येतेच आहेस हे धरून चालायचे.

डॉक्टरांना वाटलं, फांदी त्यांच्यासाठी धरलीय. ते वाकून पलीकडे गेले आणि थँक्यू म्हणाले. त्यांची बायको गेली. मी तिथेच उभी राहिले. मी गेले असते तर बाबांनी फांदी सोडली असती आणि मला ते बघवलं नसतं.

मग शीळ पुन्हा आली, या खेपेला वरून, आणि तिला जोडूनच मोराची हाक, मांजराचं म्यांव आणि आपल्या फाटकाची करकर. वेलीवर भृंगराज बसला होता. काळाभोर, शेपटीच्या दोन तारा लोंबत्या, टोकाला पानं. नकला करण्याचा त्याचा धंदा. तू गेल्याला पाच वर्षं होतील. हा तोच पक्षी की त्याच्याकडून शिकलेला दुसरा, मला माहीत नाही, म्हणून लिहीत नाही.

भृंगराज काय काय नकला करतो हे बाबा प्रत्येक पाहुण्याला हसत सांगतात. आज त्यांनी वर पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग फांदी सोडली. एकदम नाही सोडली. झाडावर आपटू नये म्हणून हाताने पोचवली. मला म्हणाले, चल धाकटे, घाबरू नकोस.

संध्याकाळचं लिहायला पत्र तसंच ठेवलं होतं, आता पुरं करते. ताटावर बसलो. आईने विचारलं, आज काय? मी म्हटलं, निखार, ऐकले आणि पाहिले. फोनचं बोलले नाही. बाबा पाण्याचा पेला फिरवत होते.

“भृंगराज,” ते म्हणाले. “पाहिला.” मग थोड्या वेळाने, “आधी वाटलं.”

आईने डब्यांच्या फळीकडे पाहिलं, कबुतराच्या फोटोकडे, आणि त्यांच्या ताटात भात वाढला. नको होता त्यांना. खाल्ला मात्र.

धाकटी

गुरुवार, १२ मार्च

ताई,

तीन दिवस मी त्या फांदीचाच विचार करतेय. चहा उतू गेला, पाहुण्यांच्या दोन जोडप्यांना एकच खोली दिली. आई म्हणाली, एवढं डोकं कुठे ठेवून आलीस, सांग, मी जाऊन आणते.

मला आधी वाटायचं, बाबांना सांगणं म्हणजे त्यांच्या हातून रान काढून घेणं. आता तसं वाटत नाही. रान त्यांच्या हातून आधीच थोडं थोडं निसटतंय आणि मी बाही ओढून ते त्यांच्यापासून लपवतेय. सोमवारी त्यांच्या पाठीमागे काय झालं तेही मला त्यांना सांगायचंय. त्यांना वाईट वाटेल. पण ज्या गोष्टीवरून त्यांनी तुला जाऊ दिलं, ती त्यांच्यापासून चार पावलांवर झाली आणि सगळ्यांनी मिळून ती गिळली, हे त्यांना न सांगता मी त्यांच्यासोबत पुन्हा त्या वाटेने जाऊ शकत नाही.

कसं सांगायचं ते मी ठरवलंय. फाटकापाशी नाही, घरात तर नाहीच. ओढ्याच्या अलीकडे तो सपाट दगड आहे, जिथे आपण मोज्यांवरच्या जळवा काढायला बसतो, तिथे. आधी त्यांना विचारणार, आत्ता काय ऐकू येतंय? ते सांगतील, होले, पाणी. मग मला जे ऐकू येतंय ते मी मोठ्याने सांगणार, एकेक, दिशेसकट. बाही धरणार नाही. आणि म्हणणार, बाबा, हे वाटलेलं नाही, हे मी पाहिलंय, पुष्कळ दिवस. मी घाबरत नव्हते.

पुढचंही ठरवलंय. गणनेला पट्टा त्यांचाच राहील. मोठे आवाज, पंख, हालचाल, कुठल्या झाडावर काय बसतं, हे माझ्यापेक्षा त्यांना कायम जास्त कळणार. बारीक आवाज मी सांगीन, उघड, सगळ्यांसमोर, आणि लिहिताना माझ्याकडून ऐकले असं लिहिलं जाईल. कानांच्या डॉक्टरचं आई बघतेय. म्हणाली, दोघं जाऊन येतो, माझेही तपासून घेते, म्हणजे कोण कुणाचं ऐकत नाही त्याचा निकाल लागेल.

ते रागावतील का? रागावतीलही. तुझ्या वेळेसारखे एकही शब्द न बोलता घरी चालत आले, तर मी मागून चालत येईन. जास्तीत जास्त एवढंच होईल असं मी स्वतःला सांगतेय, आणि रात्री मला ते पुरेसं वाटत नाही.

आता तुझ्यासाठी जे लिहायचं होतं ते. मी तुला बोलावत नाही. बोलावलं तर तू म्हणशील, यांना कान पाहिजेत म्हणून माझी आठवण आली. आणि तुझ्याशिवाय मला बोलता येत नाही असं मी स्वतःलाही म्हणू देणार नाही. तू असलीस-नसलीस तरी मी बोलणार आहे. मला फक्त तुला एक गोष्ट कळवायची होती, आणि ती मला वाटलेली नाही, मी उघड्या डोळ्यांनी पाहिलीय. तुझी शीळ अजून त्यांना ऐकू येते. ती ज्या पट्टीत आहे ती पट्टी त्यांच्याकडे शाबूत आहे. आणि ती ऐकली की ते आजही कडेला सरकतात आणि फांदी धरून ठेवतात.

खोट्या हाकेने आलेलं पाखरू नको म्हणणारा माणूस नकलेवर थांबला. मी यावर हसावं की काय, मला कळत नाही. तुला कळलं तर लिही. फोटो पाठवलास तरी चालेल.

आणि आलीसच कधी, तर पुढून येऊ नकोस. घरीही आधी येऊ नकोस. आई रडेल आणि बाबा लाकडं रचायला मागे जातील. बाहेरच्या वाटेने रानात शिर, वेलींच्या बोगद्याच्या मागे थांब आणि शीळ घाल. तिसरा सूर दुरुस्त करून घेतला नसशील तर बरं.

मधल्या दिवसांत पाहुणे आहेत. पाहुण्यांसमोर नाही. पहिली रिकामी सकाळ मी आईला विचारून ठेवलीय आणि त्या दिवशीचं कुणालाही हो म्हणायचं नाही असं तिला बजावलंय. बाबांनाही काल संध्याकाळी सांगितलं की मला तुमच्याबरोबर एकटीला जायचंय. म्हणाले, भीती मोडायची आहे होय? मी म्हटलं, हो. ते खरं होतं.

बुधवार, अठरा मार्च. उजाडताना निघू.

धाकटी